वाट्याला आलेली टेकडी

अकोल्यात माती म्हटली की माणसाच्या डोळ्यांपुढे काळीच माती येते. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात पायातली चप्पल काढून घेणारी. जठारपेठेत आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा पायासाठी खोदत गेलो, खोदत गेलो, तरी काळीच. शेवटी मिस्त्री कंटाळून म्हणाला, "मॅडम, तुमी माती तपासता ना? मंग हिले इचारा, कुठं थांबतं म्हना."

मला मात्र नोकरीत जीव लावला तो दुसऱ्याच मातीने. सातपुड्याच्या उतारावरच्या, झाडांखालच्या, वीतभरही खोल नसलेल्या दगडगोट्यांच्या मातीने. तिला शेतकरी माती म्हणायला तयार नव्हते, आणि आमच्या खात्यातही डोंगराचं काम कुणी मागून घेत नसे. ते मला मिळालं. का मिळालं ते सांगायची गरज नाही. नकोशी कामं कुणाच्या टेबलावर येतात हे नोकरदार बायांना ठाऊक असतं.

माझं काम मृद सर्वेक्षणाचं. म्हणजे काय, हे सांगताना मी दमून जायची. लोकांना वाटायचं, पिशवीतून माती आणायची, बाटलीत घालायची आणि किती खत टाका ते सांगायचं. एकाने मिठाईच्या डब्यात माती आणून मला विचारलं होतं की हिच्याखाली धन आहे का ते कळेल का. प्रत्यक्षात आम्ही खड्डा खोदतो आणि त्यात उतरतो. खड्ड्याची भिंत सुरीने साफ करायची आणि वरून खाली वाचत जायची. कुठे रंग बदलला, कुठे खडे सुरू झाले, मुळं कुठपर्यंत गेली, ढेकूळ चुरलं तर कसं चुरतं. माती कशी झाली आणि पुढे तिच्या अंगावर काय काय झेपेल, ते त्या भिंतीत दिसतं. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात राबली होती. शिकलेल्या माणसाने मातीपासून लांब जायचं, असं तिचं म्हणणं. विहारात बायकांना अभिमानाने सांगायची की पोरगी सायब हाये. खड्ड्याचं मात्र नाव काढायची नाही.

डोंगरउतारावर आमची ही सगळी विद्या गुडघ्यावर येते. माती काढायचं गिरमिट फिरवावं तर पहिल्याच वळशाला दगडावर खरखरतं. पण तेवढ्याशा थरात काय काय भरलेलं असतं! वर पाचोळा, त्याखाली अर्धवट कुजलेला पाचोळा, त्याखाली चहाच्या चोथ्यासारखी भुरभुरीत काळपट माती, मग खडे आणि माती एकमेकांत मिसळलेली, आणि लगेच मुरूम. मुरूम म्हणजे अर्धा विरलेला खडक, बोटांनी दाबला तर कोपरा तुटणारा. त्याखाली सातपुड्याचा काळा कातळ. ही माती कायम तरुण राहते, कारण म्हातारी व्हायच्या आत पावसाचं पाणी तिला खाली नेतं. खाली जाऊन जी साठली, जुनी झाली, ती आपली कपाशीची काळी जमीन. काळी माती म्हणजे डोंगराने सासरी दिलेली लेकच म्हणा. झाडं मुळांनी धरून ठेवतात म्हणून डोंगराकडे थोडी तरी उरते. आणि ज्या दगडांना आपण शिव्या घालतो ते तिचं पांघरूण असतात. थेंबाचा मार दगडाने खायचा, आणि पाण्याने त्याच्या कडेने हळूच खाली शिरायचं. प्रयोगशाळेत हिचा नमुना लावला की सेंद्रिय अंश आमच्या भारदस्त काळ्या जमिनीला लाजवील असा निघायचा.

आमचे जीपचालक सलीमभाई अकोटचे. मी खड्ड्यात असले की काठावर उकिडवे बसून ते सगळं पाहायचे. एकदा त्यांनी एका वाक्यात माझा अख्खा अहवाल सांगून टाकला. "मॅडम, पत्थर पे मलाई जमी है. चम्मच मारा तो खतम."

हे सगळं ज्या टेकडीमुळे मला नीट समजलं, ती शेंदूरजनाघाटच्या बाजूची. तिचा मालक दिलीप. फळबागेच्या योजनेसाठी त्याने अर्ज केला होता. टेकडीवर संत्रा लावायचा, म्हणून जमिनीची पाहणी हवी होती. उन्हाळ्यात आम्ही पोचलो तेव्हा तो बांधावर वाट पाहत उभा होता. वय पस्तिशीचं, चेहरा ओढलेला. मागे रस्त्याच्या कडेला पिवळी पोकलेन मशीन उभी दिसली. मी म्हटलं, पाहणीच्या आधीच मशीन? तो म्हणाला, कागद मिळाला की लगेच काम सुरू करायचं, पावसाच्या आत पायऱ्या पाडायच्या. झाडं तोडायच्या परवानगीचंही पाहून ठेवलं आहे.

टेकडी चांगली चढाची होती. सालई, धावडा, मोयन, मधेमधे तेंदू. खाली पायथ्याशी संत्र्याची जुनी बाग, हिरवीगार, आणि तिच्या कडेला बांधीव विहीर. मी बागेचं कौतुक केलं, तर दिलीपचा आवाज बदलला.

"थे भाऊचं हाये," तो म्हणाला. "बाग भाऊले, विहीर भाऊले, काळं वावर भाऊले. माह्या वाट्याले दगडं आले. आता त्या दगडावर संत्रा घेऊन दाखवतो का नाई, पाहाजा तुमी."

हळूहळू बाकीचं कळलं. थोरला भाऊ भास्करराव, दिलीपपेक्षा बराच मोठा. शाळा सुटल्यापासून तो वडिलांच्या हाताखाली बागेत राबला. दिलीप अमरावतीला शिकला, तिथेच एका दुकानात हिशेब लिहायला लागला. वडिलांनी आजारपणात वाटणी केली ती ज्याने जे कसलं ते त्याला, या न्यायाने. दिलीपच्या वाट्याला पायथ्याचा लहानसा पट्टा आणि वरची टेकडी आली. वडील गेले, दुकान बंद पडलं, दिलीप बायको मंदाला घेऊन गावी परत आला, आणि रोज सकाळी उठून भावाची हिरवी बाग पाहू लागला. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

पहिला खड्डा पायथ्याच्या पट्ट्यात घेतला. तिथे माती गुडघाभर होती आणि खाली मऊ मुरूम. मी म्हटलं, इथे संत्रा येईल, पाणी असलं तर. तो म्हणाला, पाणीच नाही, बोअर कोरडा गेला. मग वर चढलो. खालून जसजसं वर जावं तसतशी माती विरळ. मधल्या उतारावर दिलीपने स्वतः लोखंडी सब्बल हाणली. खण्ण. जागा बदलली. खण्ण. आणखी वर जाऊन, सालईच्या पलीकडे, त्याला वाटलं म्हणून तिथे. तिथेही तेच.

"मुरमात संत्रा येते, मॅडम. सारा वरूड तालुका जाणते," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. संत्र्याला निचऱ्याची जमीन लागते, मुरूम मानवतो. पण तो सपाटीवरचा, खोल, मऊ मुरूम. इथे वीतभर मातीखाली सलग कातळ होता आणि उतार असा की उभं राहायला झाड धरावं लागे.

थोडं पुढे वादळाने पडलेला एक धावडा दिसला, आणि मी दिलीपला हाक मारली. झाड आडवं होताना त्याने आपल्याखालची माती सतरंजीसारखी उचलून घेतली होती. सगळी मुळं भाकरीसारखी चपटी पसरलेली, कारण खाली जायला वावच नव्हता. उघड्या पडलेल्या कातळात मात्र एक भेग होती, आणि एक मूळ त्या भेगेत तुटून अजून अडकलेलं होतं. मी भेगेत बोटं घातली. रणरणत्या उन्हाळ्यात आतली माती ओली होती. दिलीपनेही हात घातला. बराच वेळ काढला नाही.

नाल्यापलीकडची टेकडी दुसऱ्या कुणाची. त्याने काही वर्षांपूर्वी मशीन लावून ती उघडी केली होती, संत्र्यासाठीच. मी दिलीपला तिकडे घेऊन गेले. पायऱ्यांचे काठ फुटलेले, तांबडा मुरूम वर आलेला, कलमांभोवतीची आळी दिसत होती पण आळ्यांत वाळक्या काड्या. सलीमभाईंनी जीपमधून पाण्याची कॅन आणली आणि मी चढावर थोडं पाणी ओतलं. ते गढूळ होऊन आमच्या पायांपर्यंत धावत आलं. मग परत दिलीपच्या टेकडीवर, सालईखाली, तसंच पाणी ओतलं. पाचोळा जरा हलला, दगडांभोवती बुडबुडे आले, आणि पाणी गेलं. पुन्हा ओतलं. पुन्हा गेलं. सलीमभाई वाकून पाहत राहिले, जणू खाली कुणी तोंड लावून पीत होतं.

मी खुशीत होते. डोंगराची माती स्वतःची बाजू इतकी चोख मांडताना मी कधी पाहिली नव्हती. मी दिलीपला समजावून सांगितलं की हे पाणी भेगांतून उतरत उतरत खाली जातं, म्हणून उन्हाळ्यातही पायथा जिवंत राहतो.

तो खाली पाहत होता. तिथे भावाची विहीर दिसत होती.

"म्हंजे दगडं माहे आन पाणी त्याचं," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "मंग तं खोदतोच. कागद नका देऊ तुमी. मशीन माह्या खर्चानं लावतो."

मी त्याला टेकडी वाचवायचं कारण दिलं होतं, आणि त्याने त्यातून भावाची बाग वाळवायची युक्ती उचलली होती. अहवालात मी 'लागवडीस अयोग्य' असं लिहिणार हे ठरलेलंच होतं. ते शब्द मी शेकडो टेकड्यांवर लिहिले असतील. पण मग कशास योग्य, असं माझ्या तक्त्यात कुठे विचारलेलं नसायचं, आणि नोकरीभर मला त्याचं वाईट वाटत आलं. माझा कागद योजना थांबवू शकत होता. पोकलेन नाही.

खाली उतरलो तर भास्करराव विहिरीपाशी उभे. पाहुण्या माणसाला उन्हात तसंच जाऊ द्यायचं नाही, म्हणून चहाला बोलावलं. बुटका, रुंद माणूस, डोक्याला उपरणं. दिलीप बांधाच्या अलीकडेच थांबला. मी चहाचा कप हातात घेतला आणि विचार केला, दिलीपच्या पाठीमागे भावाला सांगणं बरं नव्हे, आणि न सांगणं त्याहून वाईट. मी दिलीपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. टेकडीवर मुरणारं पाणी या विहिरीला येत असावं, टेकडी उघडी झाली तर विहिरीवर परिणाम होईल, एवढं सांगितलं. खात्रीने किती, हे मात्र सांगू शकत नाही, हेही सांगितलं.

भास्कररावांना ते पटलं नाही. विहीर त्यांच्या बापाने खोदली होती, ते स्वतः पोरवयात दगड वाहत होते. पाणी जमिनीच्या पोटातलं, त्यात टेकडीचा काय संबंध. नाल्यापलीकडच्या उघड्या टेकडीखालीही विहीर असेल, तिचं काय, असं मी विचारलं. ती विहीर टेकडी उघडी झाल्यापासून होळीलाच तळ दाखवते, हे त्यांनीच मग सांगितलं. त्यांना वाटत होतं, आजूबाजूच्या बोअरमुळे. तेही कारण असेल, मी म्हटलं, दोन्ही असतील. तुम्ही एकदा वर येऊन पाहा.

"मले गुडघे नाईत बाई," ते म्हणाले. मग बांधाकडे पाहिलं, आणि उठले.

चढायला फार वेळ लागला. सलीमभाईंनी एका बाजूने हात धरला. दिलीप अंतर ठेवून मागे येत होता. निसरड्या जागी भास्कररावांचा पाय दगडावरून सटकला, तेव्हा मात्र मागून दोन्ही हात आले आणि त्यांना धरलं. हात पुढे वरपर्यंत तसेच राहिले.

सालईखाली मी कॅन त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ओतलं. पाणी गेलं. त्यांनी बसून पाचोळा बाजूला सारला, ओली माती चिमटीत घेतली, हुंगली. बागेत आयुष्य गेलेला माणूस. मातीचा वास त्यांना मी शिकवायचा नव्हता. उठून त्यांनी नाल्यापलीकडची तांबडी टेकडी पाहिली, खालची आपली बाग पाहिली, रस्त्यावरची पिवळी मशीन पाहिली. मग ते एका दगडावर बसले आणि शेजारच्या दगडावर हात आपटला. दिलीप बसला.

"मशीन माह्या विहिरीसाठी आणली का तू?" त्यांनी विचारलं.

"संत्र्यासाठी आणली होती," दिलीप म्हणाला. "आता विहिरीसाठी हाये."

मला वाटलं, झालं. सलीमभाईंनी मान दुसरीकडे वळवली. भास्करराव बराच वेळ उपरण्याच्या टोकाने हात पुसत राहिले. ते खवळले असते तर मी समजू शकले असते. काळजीने विनवणी केली असती तरी समजले असते. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"आबानं मले विहीर देली," ते म्हणाले. "पाणी कुठून येते थे आबालेही माईत नव्हतं. पाणी तुह्या टेकडीचं हाये. अर्धं तुह्यं. आजपासून. तू खालच्या पट्टीत झाडं लाव, कलमा मी देतो. टेकडी राहू दे, दिलीप."

दिलीप उठून थोडा पुढे गेला आणि पाठ करून उभा राहिला. वाटणी झाल्यापासून त्याला एक शब्द ऐकायचा होता, आणि तो असा, दगडावर बसून, माझ्यासारख्या परक्या बाईसमोर मिळाला. मी नोकरीत मोठमोठे खड्डे पाहिले, पण कुणाच्या आत एवढं पाणी साठलेलं पाहिलं नव्हतं. त्याचे खांदे हलत होते. भास्करराव त्याच्याकडे न पाहता धावड्याच्या सालीचा तुकडा मोडत बसले.

संध्याकाळी पोकलेन परत गेली. ड्रायव्हर कुरकुरत होता, येण्याजाण्याचं भाडं घेऊनच हलला. माझा अहवाल मी नियमाप्रमाणे दिला, आणि शेवटी तक्त्यात नसलेली एक ओळ हाताने घातली की ही जमीन पाणी मुरवण्यास उत्तम. वरच्या साहेबांनी ती ओळ खोडली नाही. माझ्या नोकरीतलं एवढं एक बक्षीस मी मानते.

पुढे कळत गेलं. दिलीपने पायथ्याला संत्रा लावला. मंदाने पट्टीच्या वरच्या कडेला, जिथे माती संपून दगड सुरू होतात, तिथे सीताफळाच्या बिया टोचल्या. सीताफळाला दगड प्यारा, ते जगलं. टेकडीवर गुरं सोडायची नाहीत असं दोघा भावांनी ठरवलं. गवत कापून आणायचं, मुळं तशीच ठेवायची. सगळं गोडच झालं असंही नाही. पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत कुरबुरी झाल्या, एका साली संत्र्याला मृगाचा बहार फुटलाच नाही, आणि भास्कररावांच्या मुलाने बरेच दिवस काकाशी अबोला धरला. पण तालुक्यात टँकर फिरले त्या उन्हाळ्यातही त्या विहिरीने तळ दाखवला नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा सहज गेले, सलीमभाईंना सोबत घेऊन. तेही आता निवृत्त. गाडी त्यांच्या मुलाची. भास्करराव विहिरीच्या काठावर बाज टाकून बसले होते. पार वाकले होते, पण नजर धड होती. मंदाने सीताफळं आणून दिली आणि आम्ही बिया थुंकत गप्पा मारत होतो, तेवढ्यात एक तरुण मोटरसायकलवरून आला. इस्त्रीचा शर्ट, कानात फोनची तार. त्याला गिट्टीच्या खदानीसाठी ही टेकडी हवी होती. मोठा सौदा आहे, दगड एक नंबर आहे, असं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. काल तो दिलीपला भेटला होता म्हणे, तर दिलीपने भाऊला विचारा म्हणून पाठवून दिलं.

"मले काय इचारता?" भास्करराव म्हणाले. "टेकडी माही नाई."

तो वैतागला. सातबारा पाहिला तर दिलीपचं नाव, दिलीपकडे गेलं तर तो तुमचं नाव सांगतो, आणि तुम्ही असं म्हणता. त्याने कानातली तार काढली आणि विचारलं, "मंग आज मालकाची भेट होईन का?"

"मालक वर गेले," भास्करराव म्हणाले.

तरुणाचा चेहरा पडला. घाईने त्याने हात जोडले आणि कधी गेले, काल तर चांगले बोलत होते, म्हणून विचारू लागला. मंदाने पदर तोंडाला लावला. सलीमभाई हातातल्या सीताफळाकडे पाहत बसले.

"आत्ताच," भास्कररावांनी काठीने टेकडी दाखवली. "गवत पाहाले. खाली याले वेळ लागते त्याईले."

धाकट्या भावाला त्यांनी 'मालक' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो तरुण ओशाळून मोटरसायकल वळवून निघून गेला. भास्करराव हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी मंदाला वर हाक मारायला सांगितलं, पाहुणे आले आहेत म्हणून, आणि सालईच्या झाडांतून दिलीपची ओ आली.